वडिलांच्या जुन्या ड्रिल मशीनमधून ठिणग्या आणि जळका वास येतो. मेकॅनिक म्हणतो आर्मेचर गेलं, नवीन घ्या. घरी काही जुगाड होईल का?

मेकॅनिकने मशीन उघडून बघितलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उघडलं नसेल तर त्याच्याकडे परत जाऊ नका. ठिणग्या दिसल्या की 'आर्मेचर गेलं', म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग जळला, असं म्हणणारे आमच्या पुण्यातही कमी नाहीत. बहुतेक वेळा कार्बन, म्हणजे त्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा छोटा काळा तुकडा, झिजून संपलेला असतो.

मोटरच्या दोन्ही बाजूंच्या टोप्या काढा, कार्बन बाहेर येतील. 5-6 मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर स्प्रिंगचा दाब पुरत नाही, कार्बन कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागावर, नीट टेकत नाही आणि ठिणग्या उडतात. एक बरा दिसला तरी बदलायचे जोडीनेच.

तुमच्या प्रश्नातलं 'वडिलांची मशीन' वाचलं आणि राहवलं नाही. माझे बाबा भोसरीला मेंटेनन्स फिटर होते. तिकडे सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमच्या शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत गुरुवारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं असायचं आणि त्यावर कुणाचा तरी मिक्सर नाहीतर पंखा. स्वतःचं ड्रिल त्यांनी जुन्या बाजारातून आणलं होतं, बुधवारी फर्स्ट शिफ्ट करून येताना. ॲल्युमिनियमची बॉडी, अर्धा इंची चक, नेमप्लेट घासून गुळगुळीत झालेली. कंपनी कळेना, त्यामुळे मापाचे कार्बन मिळेनात.

बाबांनी तापकीर गल्लीतून मोठ्या मापाची जोडी आणली. काचेवर झिरो पेपर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर, ठेवला आणि कार्बन एकेका बाजूने घासत बसले. मध्येच मशीनमधल्या होल्डरमध्ये, म्हणजे कार्बनच्या खोबणीत, टाकून बघायचे. बोट सोडलं की कार्बन स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे, पण आत डुगडुगता कामा नये. मग कम्युटेटरला झिरो पेपर गुंडाळला, खरखरीत बाजू बाहेर ठेवून, कार्बन बसवले आणि आर्मेचर हाताने फिरवलं. त्याने कार्बनच्या तोंडाला कम्युटेटरची गोलाई येते. ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात, नवीन कार्बन घातले तरी ठिणग्या येतातच. एमरी पेपरला ते हात लावू देत नसत, कारण त्याचे कण विजेला वाट देतात आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत अडकून बसतात.

याला मी जुगाड म्हणत नाही. जुगाड मी केला होता, कॉलेजात असताना. संपलेल्या सेलमधली कार्बनची कांडी तासून त्याच मशीनमध्ये घातली. मशीन चाललं, आणि दोन आठवड्यांत कम्युटेटरवर खोल चर पडला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. ओळखीच्या टर्नरकडून लेथवर हलका कट मारून आणला आणि पट्ट्यांमधला वर आलेला अभ्रक हॅक्सॉ ब्लेडच्या घासलेल्या तुकड्याने एकेक खाच धरून खरवडला. त्यात अख्खा गुरुवार गेला.

आमचा दादा मात्र आजही म्हणतो, "बाबांच्या जुगाडाने मी मेलो असतो." 2006 साली कोथरूडच्या नव्या फ्लॅटमध्ये तो गीझरसाठी भोकं पाडत होता. फरशी ओली होती. मशीन हाताला चिकटलं, वहिनीने बोर्डाचं बटण बंद केलं म्हणून वाचला. बाबा गेल्यावर ते ड्रिल तो भंगारवाल्याला देणार होता, मी अडवलं. आता ते माझ्याकडे आहे आणि चालतं.

दादाला मी हजार वेळा सांगितलंय, इथेही सांगतो. बाबांनी मशीनला तीन तारांचीच केबल घातली होती. अर्थिंगची तार बॉडीला स्क्रूने घट्ट आवळलेली होती, मी स्वतः बघितलंय. दादाने ते लावलं टू-पिन एक्स्टेंशनवर. धातूच्या बॉडीचं मशीन बिनअर्थिंगचं आणि पायाखाली पाणी. यात घासलेल्या कार्बनचा काय दोष?

पण बॉडीत करंट आला कुठून, हे मी दादाला कधी सांगितलेलं नाही. कार्बन झिजतो तशी त्याची काळी भुकटी आत साठते, आणि ती भुकटी वीज वाहून नेते. होल्डरपासून बॉडीपर्यंत तिचा थर बसला की लीकेज सुरू. मशीन उघडलं की ब्रशने आतून झाडून घ्यायचं हे काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. त्या वर्षी मी ते केलं नव्हतं.

तर तुमचं मशीन. कार्बन बदलून, गोलाई देऊन, आतली भुकटी साफ करूनही ठिणग्या कम्युटेटरभोवती गोल पळत असतील आणि व्हार्निश जळल्यासारखा वास येत असेल, तर मेकॅनिक खरं बोलतोय. छोट्या ड्रिलचं आर्मेचर रिवाइंड करणं, म्हणजे त्यावर तारा नव्याने गुंडाळणं, परवडत नाही, आयतं मिळालं तर बघा. प्लॅस्टिकच्या बॉडीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दोन तारांची केबल चालते, पण ती बॉडी तडकलेली असेल तर एम-सील लावून वापरू नका. तिथे बॉडी हेच इन्सुलेशन असतं. ग्राइंडरचं गार्ड आणि तुटका स्विच यांवरही कसलाच जुगाड नको.

बॉडी धातूची असेल तर टोप्या उघडण्याआधी केबल बघा. दोनच तारा असतील तर कार्बन आणायला जाल तेव्हा तीन तारांची केबल आणि थ्री-पिनही घेऊन या.