'सेव्हरल'चे मूळ आणि विशेषणाचा वाद

मेनी, फ्यू, सम, सेव्हरल हे इंग्रजीतले परिमाणवाचक शब्द विशेषणे आहेत का, असा प्रश्न आला आहे. जुनी शालेय व्याकरणे सरळ 'हो' म्हणतात. आजचे व्याकरणकार त्यांना 'डिटर्मिनर' म्हणतात, म्हणजे नामाआधी येऊन ते कोणते किंवा किती हे ठरवणारे शब्द. त्यांचा पुरावा सबळ आहे: 'सम ऑफ देम' चालते, 'रेड ऑफ देम' चालत नाही, 'मेनी रेड बुक्स' होते, 'रेड मेनी बुक्स' होत नाही.

पण सगळ्यांना एकाच दावणीला बांधणे मला मान्य नाही. फ्यू, फ्यूअर, फ्यूएस्ट अशी रूपे होतात, 'व्हेरी फ्यू' म्हणता येते, 'हिज फॉल्ट्स आर मेनी' असे विधेयातही बसते. 'सम'ला यातले काहीच जमत नाही. तरी हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांच्या २००२ च्या इंग्रजी व्याकरणात हे सगळे एकाच वर्गात आहेत. तिथे त्यांचे चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता 'सेव्हरल'. कर्जाच्या करारातल्या 'जॉइंट अँड सेव्हरल लायबिलिटी'चा अर्थ 'संयुक्त आणि अनेक जबाबदाऱ्या' असा कोणी सांगितला की माझा संताप होतो. इथे सेव्हरल म्हणजे पृथक! कर्ज सगळ्यांचे मिळून आहेच, शिवाय प्रत्येकाचे स्वतंत्रपणे पूर्णही आहे. धनको कोणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. शब्दाचे मूळ लॅटिन 'सेपारारे', म्हणजे वेगळे करणे. 'सेपरेट' आणि तोडणे या अर्थाचे 'सेव्हर' ही त्याची सख्खी भावंडे. 'एकाहून अधिक' हा अर्थ सोळाव्या शतकातला, म्हणजे नंतरचा.

आणि हा एकटा नाही. 'संड्री' मुळात 'अलग', त्याचे नाते 'वेगवेगळे होऊन' या अर्थाच्या 'असंडर'शी. 'डायव्हर्स' म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वळलेले. आपला 'नाना' पाहा: संस्कृतात 'निरनिराळ्या प्रकारे, पृथक्' असा अर्थ, मग 'नाना प्रकार' म्हणता म्हणता तो 'पुष्कळ'कडे झुकला. दोन भाषांत हीच वाट दिसते, तेव्हा हा योगायोग नव्हे असे मी मानतो. गोष्टी आधी सुट्या दिसाव्या लागतात, मोजणी त्यानंतर.

म्हणूनच काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत 'थ्री सेव्हरल टाइम्स' असे लिहीत: तीन वेगवेगळ्या वेळी. संख्या 'थ्री'ने सांगून झालेली आहे, सेव्हरल फक्त गुण सांगतो. तिथे तरी त्याला विशेषण म्हणायला कोणाची हरकत असू नये.