पहिली लिव्हर-अ‍ॅक्शन (खालचा दांडा, म्हणजे लिव्हर, चालवून गोळी भरायची) .२२ रायफल घेताय? मग हे वाचा
हेन्री कंपनीची एच००१ बिनधास्त घ्या, शिकायला उत्तम आहे, बॅरलखालच्या मॅगझिनच्या नळीत .२२ एलआरच्या (लाँग रायफल, .२२ची नेहमीची गोळी) १५ गोळ्या बसतात. पण लिव्हर घाबरत अर्धवट चालवू नका हां, पूर्ण पुढे ढकलायची आणि तशीच ठामपणे मागे आणायची, नाहीतर झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच बाहेर पडत नाही न पुढची गोळी तिरकी होऊन अडकते, माझ्या तर पहिल्याच दिवशी शिशाची टोकं चेपलेली निघाली, वाटलं रायफलच खराब, पण हाताला सवय नव्हती एवढंच. चेंबरमध्ये (बॅरलच्या मागे गोळी बसते ती जागा) गोळी नसताना घोडा पाडायची सवय लावू नका, रिमफायरची (गोळीच्या बुडाच्या कडेवर ठोका मारणारी) फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते. आणि मॅगझिनची नळी उपसली म्हणजे रायफल रिकामी झाली असं अजिबात समजू नका! एक गोळी चेंबरमध्ये राहू शकते, रायफलचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून लिव्हर दोनतीनदा चालवा, मग आत नीट बघाच.