मुधोळ नराचं ऑपरेशन: आत्ता की माघात?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस ते वाचलं: तुझा आठ महिन्यांचा मुधोळ हाउंड जातीचा नर कुत्रा, वजन एकोणीस किलो, रात्री गेटवरून उडी मारून पसार होतो, तर वृषण काढायचं ऑपरेशन कधी करायचं? बेळगावचा मित्र म्हणतो लगेच खच्ची करून टाक. आजी म्हणतात देवानं दिलेलं कापू नये. आणि पलीकडच्या गावचा एकजण एका पिल्लाच्या बदल्यात आत्ताच कुत्रीवर लावायला मागतोय. तिघांचंही ऐकून घे, पण ठरव कुत्र्याकडं आणि गेटकडं बघून.

माझं मत आधीच सांगतो. गेट खरोखर बंद राहणार असेल तर माघापर्यंत थांब. तेव्हा तो पंधरा महिन्यांचा होईल आणि पाऊसही नसेल. गेट बंद राहणार नसेल तर थांबण्यात अर्थ नाही, पावसाळ्यातही करून घे.

थांबायचं मुख्य कारण हाडं. पायाच्या लांब हाडांच्या टोकांना कुर्चेच्या वाढपट्ट्या असतात. वय वाढलं की त्या मिटतात, आणि त्यांना मिटायचा इशारा लैंगिक हार्मोनकडून मिळतो. वृषण लवकर काढले तर पट्ट्या उशिरा मिटतात, पाय जरा जास्त लांब होतात, गुडघ्याचा कोन बदलतो आणि आतल्या लिगामेंटवर ताण येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१६ साली जर्मन शेफर्डचे आकडे मांडले होते: ऑपरेशन न झालेल्या नरांत सांध्यांचे आजार सुमारे ७ टक्के, वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांत सुमारे २१ टक्के. मुधोळ त्या अभ्यासात नव्हता, त्यामुळं तेच आकडे त्याला चिकटवू नकोस. पण पळण्यासाठीच घडलेल्या उंच कुत्र्याची हाडं पुरी होऊ द्यावीत, एवढं त्यातून नक्की घेता येतं. मित्राचा पॉमेरेनियन किंवा पग असेल तर त्याचंही बरोबर आहे. पुरी वाढ झाल्यावरही वीस किलोच्या आत राहणाऱ्या कुत्र्यांना सहा महिन्यांत केलेलं चालतं. मोठ्या कुत्र्यांना बारा ते अठरा महिने द्यावेत.

आता ऑपरेशननं काय बदलतं ते नीट समजून घे, कारण लोक नको त्या अपेक्षेनं कुत्रा टेबलावर चढवतात. माजावरच्या कुत्रीच्या वासानं पळून जाणं बहुतेक नरांत स्पष्ट कमी होतं. पायावर, उशीवर चढणं बऱ्याच जणांत कमी होतं. मोटारसायकलच्या चाकावर, तुळशीकट्ट्यावर मुतून खूण करणं कमी होईलच असं नाही, सवय मुरली असेल तर राहतं. ससा दिसला की सुटणं, खड्डे काढणं, परक्यावर भुंकणं यांचा वृषणांशी संबंध नाही. ते तसंच राहणार.

चावण्याबद्दल विशेष सांगतो. तुझा कुत्रा दूधवाल्यावर धावतो म्हणतोस, तर एकदा बाजूला उभं राहून बघ. कान मागं, शेपूट पोटाखाली, आधी दोन पावलं मागं आणि माणूस पाठमोरा झाला की पुढं झेप, असं असेल तर ती भीती आहे. अशा कुत्र्याचं ऑपरेशन करून फायदा होत नाही, काही जण उलट जास्त बुजरे होतात. त्याला आधी माणसांची सवय लाव. दूधवाल्याच्या हातून रोज भाकरीचा तुकडा मिळू दे, दोर तुझ्या हातात. शेपूट वर, छाती पुढं काढून फक्त दुसऱ्या नरांवर जात असेल तर हार्मोनचा हात असतो, तिथं फरक पडू शकतो.

“एकदा लावला की शांत होतो” हे तर मुळीच खरं नाही. उलट त्याला वाट कळते. लावायचंच असेल तर दोन वर्षं पूर्ण होऊ देत, अंगकाठी आणि स्वभाव दिसू दे, आणि मुधोळजवळच्या तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं मुधोळ कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे, तिथं जातीबद्दल विचारून ये. एका पिल्लाच्या लालचेनं आठ महिन्यांचं पोर कुत्रीवर घालू नकोस.

आरोग्याचं म्हणशील तर वृषणाचा कॅन्सर अर्थातच टळतो. प्रोस्टेट ही लघवीच्या नळीभोवतीची ग्रंथी पाच-सहा वर्षांपुढच्या बहुतेक नरांत थोडीफार वाढते. मग शी करताना कुथणं, चपटी पट्टीसारखी शी, लघवीत रक्ताचे थेंब असा त्रास होतो. पण तो झाल्यावर ऑपरेशन केलं तरी ग्रंथी काही आठवड्यांत आकसते, म्हणून त्यासाठी आज घाई नको. प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र ऑपरेशननं टळत नाही. तसं कोणी सांगितलं तर मान डोलावू नकोस.

आपल्या भागात खरी भीती दुसरी आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांत संगातून पसरणारी गाठ असते, डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. लिंगाच्या मुळाशी फुलकोबीसारखी लाल, सहज रक्त येणारी वाढ होते आणि बाहेरून फक्त थेंब थेंब रक्त दिसतं. घरचे उष्णता झाली म्हणून ताक पाजत बसतात आणि महिना जातो. वेळेत कळलं तर व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाची इंजेक्शनं आठवड्याला एक, साधारण चार ते सहा, यानं बहुतेक बरी होते, पण दर वेळी रक्त तपासावं लागतं. लिंगाच्या टोकाला पिवळट-हिरवट थेंब मात्र वयात आलेल्या नरांत नेहमीच असतो, त्याला घाबरू नकोस.

एक तपासणी आजच कर. कुत्र्याला उभं करून मागून, दोन्ही पायांमधून हात घाल आणि पिशवी हलकेच चाचप. दोन गोळ्या हाताला लागल्या पाहिजेत, साधारण सारख्या, घट्ट पण मऊसर. सहा महिन्यांनंतरही एकच लागत असेल तर दुसरी पोटात किंवा जांघेत अडकली आहे. तिथल्या उष्णतेत तिचा कॅन्सर होण्याचा धोका बराच जास्त असतो आणि दोष पिल्लांत उतरतो. मग लावायचा विषय संपला. हाडं पुरी झाली की दोन्ही काढायच्याच, आणि पोटातली काढायला ऑपरेशन मोठं होतं हे डॉक्टरला आधीच सांगायचं.

आता गेट. कुत्र्यांच्या माजाचा भाद्रपद दोन महिन्यांवर आहे. गल्लीत कुत्र्यांची झुंड फिरायला लागली की तुझा कुत्रा जेवण सोडेल, रात्रभर विव्हळेल. दोन-तीन दिवस कमी खाल्लं तर चालतं, पण अंग तापलं असेल तर ते माजाचं नाही, डॉक्टरकडं ने. कुत्री साधारण तीन आठवडे माजावर असते, आणि गल्लीत एकीनंतर दुसरी येते, म्हणून तयारी दोन महिन्यांची धर. चार फुटी गेट मुधोळला काहीच नाही. सहा फूट जाळी हवी, वरचं टोक आत वळवलेलं. पट्टाही बघ. या जातीची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा मागं खेचला की डोक्यावरून निघतो. दोन इंच रुंद, ओढल्यावर आवळणारा पट्टा घे. दिवसभर साखळीला बांधून ठेवलास तर तो चिडका होईल. त्यापेक्षा दोन खांबांमध्ये तार ओढून तिच्यावर कडी सरकती ठेव, आणि पहाटे रस्ता मोकळा असताना दोर धरून अर्धा-पाऊण तास पळव.

हे सगळं होत नसेल, घरात सहा माणसं आणि प्रत्येकजण गेट उघडं टाकून जात असेल, आणि घर हायवेपासून जवळ असेल, तर गुडघ्याची काळजी सोड. संकेश्वर ते बेळगाव पट्ट्यात गाडीखाली जाणाऱ्या नरांना सांधेदुखीचं वय येतच नाही. मग लगेच कर. नुसती नस बांधायची नसबंदी पिल्लं थांबवते, पण हार्मोन तसेच राहतात आणि तो तसाच पळत राहतो. तुझा प्रश्न तिनं सुटत नाही. आणि बैल बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा, चिमटा घेऊन येणाऱ्या माणसाला कुत्र्याजवळ फिरकू देऊ नकोस.

ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी रक्त तपासून घे. रेबीजची आणि बाकीची लस त्याआधीच झालेली असावी. रिपोर्टमध्ये प्लेटलेट बघायच्या, कारण आपल्याकडं गोचीड भरपूर आणि गोचीडतापात प्लेटलेट पडतात. वरून कुत्रा ठीक दिसतो आणि टेबलावर रक्त थांबत नाही. कुत्र्यांत साधारण दोन ते पाच लाख असतात. ग्रेहाउंडच्या घराण्यातल्या बारीक कुत्र्यांत मुळातच जरा कमी असू शकतात, म्हणून दीड लाख बघून हबकू नकोस, काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांग. एक लाखाच्या खाली असतील तर तारीख पुढं ढकल. गोचीडताप निघाला तर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं, मग पुन्हा रक्त. गोचीड कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली शोध, पाठीवर हात फिरवून काही कळत नाही.

डॉक्टरला स्पष्ट विचार: भूल कशाची देणार? अंगावर चरबी नसलेल्या या कुत्र्यांना थायोपेंटोन देऊ नये, ते चरबीत मुरायला जागा नसते आणि यकृतही सावकाश काढतं, मग कुत्रा तासन् तास शुद्धीवर येत नाही. अंदाजानं नको, काट्यावर वजन करूनच डोस. शिरेत सलाईनची सुई राहणार का, श्वासनळीत नळी घालणार का, शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण थांबणार, हेही विचार. या प्रश्नांना चिडणारा डॉक्टर असेल तर दुसरा बघ. निपाणी-चिकोडीकडची मंडळी कोल्हापूरला जातात, तुला बेळगाव जवळ. गल्लीतल्या कुत्र्यांच्या ऑपरेशनच्या शिबिरात केलंस तर पाळीव आहे हे आधी सांग, तिथं ओळखीसाठी कानाचा तुकडा काढतात.

आदल्या रात्री दहानंतर जेवण नाही. पाणी सकाळपर्यंत चालेल. पोट भरलेलं असेल तर भुलीत ओकारी होऊन ती फुप्फुसात जाते, म्हणून आजींना एक बिस्कीटही देऊ देऊ नकोस. काम तसं छोटं: पिशवीच्या पुढं एक चीर, तिच्यातून दोन्ही वृषण बाहेर, नाडी आणि रक्तवाहिन्या दोऱ्यानं बांधून कापायच्या, टाके. येताना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नकोस, ओम्नी किंवा रिक्षा सांग, मान सरळ राहू दे. माघात रात्री गारठा असतो आणि भुलीनंतर अंग गार पडतं. जमिनीवर पोतं, वर घोंगडं. स्वतःच्या पायावर उभा राहून गिळायला लागला की आधी पाणी थोडं, मग रात्री नेहमीच्या निम्मं जेवण.

पहिले तीन दिवस पिशवी जरा सुजते, रिकामी असूनही भरल्यासारखी दिसते. ते चालतं. लिंबाएवढी, मग संत्र्याएवढी होत गेली, काळी-निळी पडली तर आत रक्त साठतंय. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, कुत्रा लोळून राहिला तर आतला दोरा सुटला असेल, त्याच तासाला ने. बहुतेक भानगडी मात्र चाटण्यानं होतात. गळ्यात प्लास्टिकची टोपली दहा ते चौदा दिवस, रात्री तर हवीच. “बिचाऱ्याला त्रास होतो” म्हणून घरचं कोणीतरी ती काढतं आणि सकाळी टाके उघडे. जखमेवर हळद, तेल, राख काही नको, कोरडी ठेव, टाके निघेपर्यंत आंघोळ नाही. पावसाळ्यात केलंस तर दिवसातून दोनदा बॅटरी मारून बघ. माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात, आणि वास आला म्हणजे त्या पडल्यातच.

वेदनेला डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतील, पहिल्या दिवसानंतर किलोला ०.१ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटात अन्न असताना. माघापर्यंत तो चोवीस किलोचा झाला तर ते २.४ मिलिग्रॅम होतं. माणसांची १५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे सहापट. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक घरात पडलं आहे म्हणून देऊ नकोस, पोटात व्रण पडतात, यकृत आणि किडनी जाते.

दोन आठवडे पळणं-उड्या नाहीत, दोर धरून फिरवणं फक्त. भूक वाढते आणि अंगाची गरज वीस ते तीस टक्के कमी होते, म्हणून टाके निघाल्यापासूनच भाकरीत पाचवा हिस्सा कमी कर, मटणाचा चुरा आणि अंडं तसंच ठेव. दर पंधरा दिवसांनी धान्याच्या काट्यावर वजन घे. मुधोळच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. पाहुणे “उपाशी ठेवलाय काय” म्हणतील, म्हणू देत.

आणि ऑपरेशन झालं म्हणून दुसऱ्याच दिवशी गेट उघडं टाकू नकोस. नळीत वीर्य शिल्लक असतं, सहा आठवडे माजावरच्या कुत्रीपासून लांब ठेव. पळायची ओढ कमी व्हायलाही काही आठवडे ते काही महिने लागतात.

आधी दोन गोळ्या लागतात का ते कळव, आणि जाळीची उंची मोजून सांग. रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, प्लेटलेटचा आकडा मलाही बघू दे.

तुझा,
काका