पायलट जेटची खाच तुटली आणि जेट कार्बोरेटरमध्येच अडकलं, तर ते कसं काढायचं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: जुनी स्प्लेंडर, बराच काळ उभी होती. कार्बोरेटर घरीच खोलला, मेन जेट सहज निघालं, पण शेजारच्या खोल भोकातलं पायलट जेट (काही जण स्लो जेट म्हणतात; इंजिन मंद चालताना बारीक छिद्रातून पेट्रोल देणारा छोटा पितळी भाग) फिरवताना खाचेची एक बाजू तुटली. आता पेचकस नुसता गरगर फिरतोय आणि एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला स्क्रू आतून पकडून काढायचं हत्यार) मागवावा का, असं तुम्ही विचारलंय.

एक्स्ट्रॅक्टर आत्ता मागवू नका. त्याऐवजी दुकानात जा आणि तुमच्या मॉडेलचं नवं पायलट जेट घेऊन या. जुनं निघायच्या आधीच, मुद्दाम. मी जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचं काम करतो आणि अडकलेलं जेट आलं की माझं पहिलं काम हेच असतं. नवं जेट हातात असलं की आत काय आहे ते दिसतं: आटे किती लांब आहेत, ते वरच्या भागात आहेत की मध्ये, खाच किती रुंद आणि किती जाड, आटे संपल्यावर पुढची नळी किती बारीक. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) असेल तर सगळी मापं लिहून ठेवा. आत न बघता ड्रिल घालणाऱ्याचा अंदाज इथेच चुकतो. शिवाय जुनं जेट वाचवायचा मोह सुटतो, आणि तो सुटायलाच हवा. जेट पितळेचं आहे, स्वस्त आहे, त्याचं काहीही होऊ दे. जपायची आहे ती बॉडी. ती जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असते, मऊ असते, आणि तिच्यातले आटे एकदा गेले की कार्बोरेटर गेलाच समजा.

जेट अडकलं का, हेही समजून घ्या, म्हणजे उपाय कळेल. गाडी उभी राहिली की पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे पिवळट, डिंकासारखा चिकट थर उरतो. तो आट्यांत शिरून वाळतो. शिवाय २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून बऱ्याच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती वाटी) आता पांढरी भुकटीही दिसते. ती धातूची झीज आहे. डिंक द्रावणात विरघळतो. भुकटी विरघळत नाही, तिला उष्णतेने आणि हादऱ्याने सैल करावं लागतं. म्हणून दोन्ही करायचं.

आधी बॉडीवरचं जे जे रबर आणि प्लास्टिक आहे ते काढा: फ्लोट, ओ-रिंगा, गास्केट, आणि मॉडेलमध्ये डायफ्राम असेल तर तोही. कार्ब क्लीनर रबर फुगवतो. मग बॉडी अशी ठेवा की जेटचं भोक वर येईल, त्यात क्लीनर भरा आणि रात्रभर राहू द्या, उडून जाईल तसा पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी क्लीनर पुसून, कोरडं करून, डब्ल्यूडी-४० सारखं आत झिरपणारं तेल सोडा आणि त्यालाही वेळ द्या. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. जवळपास देवघरातला दिवासुद्धा नको.

त्यानंतर उष्णता. गॅसची ज्योत लावायची नाही, कोणी कितीही सांगो. जस्ताचा मिश्रधातू साधारण ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतो. ज्योतीखाली तो केव्हा हातचा गेला ते कळतही नाही. क्लीनर आणि पेट्रोल पूर्ण उडून गेल्याची खात्री करून बॉडी उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. हॉट एअर गन असेल तर ती सतत हलवत ठेवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला की थांबा. जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्ही पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावतात, म्हणून गरम झाल्यावर भोक जेटपेक्षा किंचित जास्त मोठं होतं. फरक केसाएवढाही नसतो, पण वाळलेला थर तडकायला तो पुरे. तापवणं आणि गार करणं दोन-तीनदा करा, प्रत्येक वेळी मध्ये थोडं तेल सोडा.

आता पेचकस. खाच तुटायचं खरं कारण बहुतेक वेळा पेचकसच असतो. बाजारातल्या साध्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं असतं, टोकाला बारीक आणि वर जाड. ते खाचेच्या फक्त वरच्या कडांवर टेकतं, आणि जोर लावला की कडा उपटते. नव्या जेटची खाच समोर ठेवून एका जुन्या पेचकसाचं टोक कानशीने घासा. दोन्ही बाजू समांतर हव्यात, टोक खाचेच्या तळाला टेकलं पाहिजे आणि रुंदी भोकापेक्षा जराशी कमी हवी, नाहीतर बाजूचे आटे खरवडले जातील. तुमच्या जेटची एक बाजू उरली आहे ना? मग अजून आशा आहे. बॉडी लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये हलकी आवळा, गरम असतानाच पेचकस बसवा आणि मुठीवर छोट्या हातोडीने चार-पाच हलके ठोके द्या. मग आधी आवळायच्या दिशेने केसभर, त्यानंतर सोडायच्या दिशेने. वजन खाली द्या. फिरवायला लागणाऱ्या जोरापेक्षा दाबायचा जोर जास्त हवा. निम्मी खाच तुटलेली जेटंसुद्धा अशी निघतात.

नाहीच निघालं, तर डावं ड्रिल बिट वापरा, म्हणजे उलट्या दिशेने फिरणारं. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. जेटच्या मधोमध आधीच भोक असल्यामुळे बिटाला थोडी दिशा मिळते. बारीक मापापासून सुरुवात करा, हातात धरून चालवायच्या यंत्रापेक्षा स्टँडवरचं ड्रिल घ्या, वेग अगदी कमी ठेवा आणि बिटाला ग्रीस लावा, म्हणजे पितळेचा कीस त्याला चिकटून बाहेर येईल. बिट सोडायच्या दिशेनेच फिरत असल्याने बऱ्याचदा ते पितळेत रुततं आणि जेट आपोआप फिरत बाहेर येतं. ते पाहताना फार बरं वाटतं.

एक्स्ट्रॅक्टर नको का म्हणालो, ते आता सांगतो. निमुळता, पिळाचा एक्स्ट्रॅक्टर आत रुतताना पितळ बाहेरच्या बाजूला ताणतो. पायलट जेटची भिंत मुळात पातळ असते. ती फुगून आट्यांवर आणखी दाबली जाते, म्हणजे जेट अधिकच घट्ट होतं. आणि तो तुटला तर आत कडक पोलाद राहतं, त्यावर साधं ड्रिल चालतच नाही. पकड हवीच असेल, तर ड्रिल केलेल्या भोकात बारीक कानशीचं चौकोनी शेपूट किंवा लहान टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा) बिट हलकेच ठोकून बसवा आणि हाताने फिरवा. असं टोक फक्त कोपऱ्यांवर पकडतं, भिंत कमी ताणते.

यानेही हललं नाही, तर इथे थांबा आणि बारीक काम करणाऱ्या लेथवाल्याकडे जा. नवं जेट सोबत न्या. आट्यांच्या आतल्या मापापर्यंत भोक मोठं करून उरलेला पितळेचा पिळ टोच्याने सोलून काढायला आणि मग टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) आटे साफ करायला त्याला सांगा. हे काम घरच्या ड्रिलने करू नये, असं माझं ठाम मत आहे.

जेट निघाल्यावर कीस बाहेर काढण्यात आळस नको. हवा मारताना इंजिनकडच्या बारीक छिद्रांतून मारा, म्हणजे कीस आलेल्या वाटेनेच परत जाईल. मग जेटच्या भोकातून क्लीनर मारून पाहा, थ्रॉटलजवळच्या बारीक छिद्रातून धार आली पाहिजे. कोणत्याही जेटमध्ये पिन किंवा पोलादी तार घालू नका. केहिन या कंपनीच्या कार्बोरेटरमधल्या ३८ नंबरच्या जेटचं छिद्र ०.३८ मिमी असतं, त्यावर एक ओरखडासुद्धा मिश्रण बिघडवतो. विजेच्या लवचिक वायरीतली तांब्याची एक तार साधारण ०.२ मिमीची असते आणि पितळेपेक्षा मऊ, तीच वापरा.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट: काही कार्बोरेटरमध्ये पायलट जेट आटे नसलेलं, दाबून बसवलेलं असतं. खाच दिसत नसेल तर ते काढायला जाऊच नका, जागेवरच साफ करा. आणि फ्लोटची पिन अडली तर तिचा ओतीव खांब मागून आधार देऊन मगच ठोका, कारण तो खांब तुटला तर दुरुस्ती जवळपास होत नाही.

नवं जेट बसवताना आटे आधी बोटांनीच लागू द्या, मग पेचकसाने टेकेपर्यंत आणि वर थोडंसं. सगळं जोडल्यावर लगेच किक मारू नका. पेट्रोलचा कॉक उघडून दहा मिनिटं थांबा आणि ओव्हरफ्लोच्या नळीखाली कोरडा कागद ठेवा. कागद ओला झाला तर वाटी भरल्यावर पेट्रोल बंद करणारी फ्लोटची सुई बसत नाहीये. वाटी पुन्हा खोला आणि सुईच्या बैठकीत पितळेचा कण राहिलाय का ते आधी बघा.