एका मॅचला हिरो, पुढच्या मॅचला गायब

ताई नमस्कार, सिडनीच्या पॅरामाटाहून पाठवलेलं तुमचं पत्र नीट वाचलं. मुलगा सतरा वर्षांचा, रग्बी लीगच्या एका मॅचला तीन ट्राय मारतो (ट्राय म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या गोल लाइनपलीकडे नेऊन टेकवणं) आणि पुढच्या शनिवारी मैदानात आहे की नाही तेच कळत नाही, कोच म्हणतात टॅलेंट भरपूर पण भरवसा नाही, एक मॅनेजर (प्लेअरचे करार बघणारा एजंट) मागे लागलाय आणि पोराला आता एचएससी, म्हणजे बारावी, सोडून फक्त फुटी, म्हणजे रग्बी लीग, खेळायचीय.

एचएससी सोडू देऊ नका. हॅरॉल्ड मॅथ्यूज, एसजी बॉल, जर्सी फ्लेग या ज्युनियर स्पर्धांमधून वर चढत जाताना प्रत्येक पायरीवर भरपूर पोरं गळतात, एनआरएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वात वरच्या लीगमध्ये, टीम सतरा आणि एका टीमच्या मेन स्क्वाडमध्ये तीसेक जण, त्यात एक खांदा किंवा गुडघा गेला की वर्ष गेलं.

पण 'भरवसा नाही' म्हणजे करिअर संपलं असंही नाही हो. रग्बी लीगचा प्लेअर बेंजी मार्शलचं बघा. २००५ ची ग्रँड फायनल (एनआरएलचा अंतिम सामना), वय २०, आपल्याच हाफमधून सुसाट पळत आला आणि पळता पळता पाठीमागून एका हाताने पास दिला टीममधल्या पॅट रिचर्ड्सला, ट्राय! त्याची टीम वेस्ट्स टायगर्स ३०-१६ ने जिंकली. आणि मग? खांद्याची ऑपरेशन्स, फॉर्म वरखाली, टीम २०१० पर्यंत फायनल्समध्येच (सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत) नाही, मग २०१० ला गोल्डन बूट (जगातल्या सर्वोत्तम प्लेअरचा मान), २०१३ ला लीग सोडून युनियन, म्हणजे रग्बीचा दुसरा प्रकार, खेळायला ऑकलंडला गेला, तिथे जमलं नाही म्हणून पुढच्याच वर्षी परत. नंतर ब्रिस्बेनच्या टीममध्ये तर तो पहिल्या पसंतीचा प्लेअरही नव्हता. तरी खेळत राहिला, ३६ व्या वर्षी साउथ सिडनीकडून बेंचवरून उतरून २०२१ ची ग्रँड फायनल खेळला, हरले १४-१२ ने, पण एकूण ३४६ मॅच झाल्या आणि २०२४ पासून तोच टायगर्सचा हेड कोच. मला विचाराल तर त्या पासपेक्षा त्याचं बेंचवर बसायला तयार होणं जास्त मोठं आहे, आणि तुमच्या पोराला तेच शिकायचंय.

म्हणून पुढच्या चार मॅच ट्राय मोजूच नका. बॉल किती वेळा सुटला, टॅकल किती हुकले, आणि टॅकल झाल्यावर तो दहा मीटर मागे बचावाच्या लाइनमध्ये पटकन येतो का रेंगाळतो, एवढंच त्याने स्वतः लिहायचं, सोबत आदल्या रात्री झोपला किती आणि खाल्लं काय तेही. शेवटच्या वीस मिनिटांतच घसरत असेल तर तो फिटनेसचा प्रश्न आहे, आणि एखादी चूक झाली की पुढची दहा मिनिटं गायब होत असेल तर प्रश्न वेगळा, त्याचा उपाय वेगळा. नुसतं 'लक्ष दे, लक्ष दे' म्हणून काही होत नाही. आणि बाबा मॅचनंतर गाडीत घरी येईपर्यंत लेक्चर देतात असं तुम्ही लिहिलंय ना, ते प्लीज आजपासून बंद, त्या वेळी पोराच्या डोक्यात काहीच शिरत नाही, उलट पुढच्या मॅचला तो चूक टाळायलाच खेळतो.

शाळेतल्या करिअर्स अॅडव्हायजरला भेटा, प्रॅक्टिस सांभाळून विषय कसे बसवता येतील ते विचारा, फिजिओथेरपी किंवा स्पोर्ट्स सायन्सकडे त्याचा ओढा आहे का तेही बघा.

चार मॅचची वही भरली की मला फोटो पाठवा, मग मॅनेजरचं बोलू. तोवर कशावरही सही नको.