खुब्याच्या ऑपरेशननंतर आई वॉकरने चालते, पण मनगटावरचा फिटनेस बँड पावलं फारच कमी दाखवतो. बँड बिघडलाय का?

बहुधा बिघडलेला नाही. मनगटावरचा बँड हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतो. वॉकर धरलेला हात झुलतच नाही, त्यात चाल संथ आणि पाय जेमतेम उचललेला. त्यामुळे बरीच पावलं मोजलीच जात नाहीत. आईने मेहनत केलेली असते आणि आकड्यात ती मेहनत दिसत नाही, म्हणून त्यावरून त्यांना कृपया बोलू नका.

बँडचा पट्टा पुरत असेल तर तो ऑपरेशन न झालेल्या पायाच्या घोट्यावर, सैलसर बांधून बघा. संथ चालीत तिथली मोजणी सहसा जास्त बरोबर येते. संशोधनात मांडीवर चिकटवायचे सेन्सरही वापरतात. माणूस दिवसात किती वेळ बसून किंवा आडवा होता आणि किती वेळ उभा होता हे त्यावरून कळतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर मला हीच माहिती पावलांपेक्षा मोलाची वाटते, कारण अंथरुणात पडून राहण्याचे धोके मोठे असतात.

पायावर किती भार पडतोय, हे मात्र बँड सांगू शकत नाही. त्यासाठी बुटात घालायचे दाब मोजणारे सोल लागतात. भार किती द्यायचा हे सर्जनलाच विचारा.

रोजच्या आकड्यापेक्षा आठवड्याचा कल पाहा. चांगलं चालणारी आई अचानक चालेनाशी झाली, खुबा किंवा मांडी दुखू लागली, पोटरी सुजली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्या.