अलेप्पीहून कोल्लमला बोटीने जावं का? हाऊसबोट घ्यावी की सरकारी बोट? आणि तशीच पुढे त्रिवेंद्रमपर्यंत जाता येतं का?

एक अख्खा दिवस मोकळा असेल तर जरूर जा, पण हाऊसबोटीने नको. हाऊसबोट वेंबनाड सरोवराच्या आसपास फिरवून आणते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लागते, कारण रात्री मच्छीमारांची जाळी पडतात. जेवायला-झोपायला झकास, पण ती तुम्हाला कुठे पोचवत नाही.

कोल्लमला जाते ती केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याची बोट. साडेदहाला अलेप्पीची जेट्टी सोडायची आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास कोल्लम. रेल्वेला एवढ्याला दोन तासही लागत नाहीत. ही फेरी मधूनमधून बंद असते, पावसाळ्यात तर धरूच नका. आदल्या दिवशी जेट्टीवर स्वतः जाऊन विचारा, कुठल्या तरी वेबसाइटवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका.

आपल्या कोकणात खाड्या डोंगराकडून येऊन समुद्राला मिळतात, त्यामुळे किनाऱ्याच्या कडेकडेने आतून बोट नेणं जमत नाही. तिथे मात्र खाजणं आणि कालवे एकमेकांना जोडून समुद्राला समांतर वाट झालेली आहे. कोल्लम ते कोट्टापुरम हा 168 किलोमीटरचा पट्टा 1993 मध्ये राष्ट्रीय जलमार्ग 3 म्हणून जाहीर झाला. तुम्ही त्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग कापता.

पहिले दोनेक तास फोटोंतलं केरळ: बांध, बांधाखाली पाण्याच्या पातळीपेक्षा खोल असलेली भातशेती, बदकं. खरी गंमत तोट्टप्पळ्ळीच्या पुढे. कालवा अरुंद होतो आणि उजव्या हाताला जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरते. तिच्यापलीकडे थेट अरबी समुद्र. मध्येच जलपर्णी पंख्यात अडकते, मग इंजिन उलटं फिरवून, एकाने बांबूने ढोसून ती सोडवावी लागते. कुठे नारळाची सोडणं काथ्यासाठी कुजत घातलेली असतात. त्या वासाची तयारी ठेवा, ब्रोशरमध्ये तो येत नाही. त्रिकुन्नपुळाला जलकपाट आहे, तिथे थांबावं लागलं तर कुरकुर नको.

त्याच्या जवळच पल्लना. मल्याळम कवी कुमारन आशान जानेवारी 1924 मध्ये इथेच बोट उलटून बुडाले. तेही कोल्लमहून अलेप्पीकडे निघाले होते, म्हणजे तुमचाच मार्ग, फक्त उलट्या दिशेने.

पुढे कायंकुळमचं खाजण, मासेमारीची चिनी जाळी, आणि मग नारळांच्या डोक्यावरून अचानक ‘अम्मा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माता अमृतानंदमयींच्या मठाच्या गुलाबी इमारती. परदेशी प्रवासी बहुतेक इथेच उतरतात. ही सगळी आलप्पाडची पट्टी. 2004 च्या त्सुनामीत इथे शंभरावर माणसं गेली. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कालवा, पळणार कुठे? नंतर मठाने कालव्यावर पादचारी पूल बांधला, त्याच्याखालून बोट जाते. चवऱ्याची काळी खनिज वाळू, नींडकराचं मासेमारी बंदर झालं की अष्टमुडी सरोवर उघडतं.

जेवणाला आणि चहाला बोट थांबते. तरी पाणी आणि काहीतरी खाऊ जवळ असू द्या. दुपारनंतर ऊन उजवीकडून येतं, पण समुद्राची पट्टीही उजवीकडेच, तेव्हा टोपी घालून तिकडेच बसा. आठ तास लहान मुलांना फार होतात. तुमच्याबरोबर असतील तर अर्ध्या दिवसाची छोटी फेरी बरी.

त्रिवेंद्रमचं म्हणाल तर बोटीने नाही. जुना कालवा एकोणिसाव्या शतकात वर्कलाच्या टेकड्यांखालून बोगदे खोदून पुढे नेला होता, पण तो भाग वर्षानुवर्षं गाळाने भरून पडलाय. कोल्लमहून रेल्वेने तास-दीड तासात पोचाल. मुंबईहून येत असाल तर नेत्रावती एक्सप्रेस अलेप्पीलाही थांबते आणि कोल्लमलाही, त्यामुळे जातानाचं तिकीट अलेप्पीपर्यंत आणि परतीचं कोल्लमहून काढा.